बोटातून जाणारा प्रकाश आणि त्वचेचा वर्ण : ऑक्सिमीटरच्या आकड्याची चिकित्सा

२० एप्रिल २०२१ या एका दिवशी दिल्लीत करोनाच्या २८,३९५ नव्या रुग्णांची नोंद झाली. रुग्णालयांत खाटा मिळत नव्हत्या आणि प्राणवायूच्या नळकांड्यांसाठी रांगा लागल्या होत्या. अशा वेळी रुग्णाला घरी ठेवावे की रुग्णालयाच्या दाराशी न्यावे, हा निर्णय असंख्य कुटुंबांनी बोटाला लावलेल्या एका लहानशा चिमट्यावरील आकडा पाहून घेतला. दिल्ली सरकारने गृहविलगीकरणातील रुग्णांना ऑक्सिमीटर पुरविण्याची योजना जून २०२० पासूनच सुरू केली होती. पुढे दुसऱ्या लाटेत अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांच्या मार्गदर्शिकेने सीमारेषाही आखून दिल्या. ९० ते ९३ टक्के म्हणजे आजार मध्यम स्वरूपाचा, ९० च्या खाली म्हणजे गंभीर. नोएडातील आमच्या गृहसंकुलात त्या दिवसांत एकच ऑक्सिमीटर चार घरांत फिरत असे. नंतर दुसरा आला, तेव्हा एकाच बोटावर दोन यंत्रांनी दोन आकडे दाखविले. त्यांत तीनाचा फरक होता. कोणता खरा मानावा, असे शेजाऱ्यांनी विचारले तेव्हा प्रस्तुत लेखकाला उत्तर देता आले नाही. त्या प्रश्नाची एक बाजू यंत्राच्या दर्जाची होती हे उघड आहे. दुसरी बाजू ज्याचे बोट चिमट्यात होते त्याच्या त्वचेची होती, आणि ती सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या बाजूचा विचार करावयाचा आहे.

ऑक्सिमीटर रक्तातील प्राणवायू मोजतो असे आपण म्हणतो. परंतु काटेकोर अर्थाने तो प्राणवायू मोजत नाही. तो बोटातून पार गेलेला प्रकाश मोजतो आणि त्यावरून प्राणवायूविषयी अनुमान करतो. या अनुमानाची पायरी कशी बांधली आहे हे समजल्याखेरीज वर्णाचा प्रश्न नीट उलगडणार नाही. चिमट्याच्या एका जबड्यात दोन एलईडी असतात. एकीतून ६६० नॅनोमीटर तरंगलांबीचा तांबडा प्रकाश निघतो, तर दुसरीतून ९४० नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा, अवरक्त प्रकाश. समोरच्या जबड्यात प्रकाश टिपणारा संवेदक असतो. प्राणवायू सोडून दिलेले हीमोग्लोबिन तांबडा प्रकाश प्राणवायुयुक्त हीमोग्लोबिनच्या सुमारे दहापट शोषते. अवरक्त प्रकाशात चित्र उलटते आणि तेथे प्राणवायुयुक्त हीमोग्लोबिनचे शोषण सुमारे पावणेदोन पट अधिक असते. नीलेतील रक्त काळपट व रोहिणीतील रक्त लालभडक दिसते, ते याच भेदामुळे.

मात्र बोटात केवळ रक्त नसते. कातडी, नख, चरबी, हाड, नीलांतील रक्त हे सारेच प्रकाश अडवितात आणि विखुरतात. (प्रकाश विखुरण्याच्या या क्रियेला मराठी विश्वकोश ‘प्रकीर्णन’ म्हणतो. दिल्लीत राहणाऱ्या मराठी माणसाला येथे जरा सांभाळावे लागते. कारण विश्वकोश ज्याला ‘प्रारण’ म्हणतो त्यासाठी हिंदी पाठ्यपुस्तकांत ‘विकिरण’ हा शब्द असतो, आणि मराठी कान त्या शब्दाचा अर्थ विखुरणे असा घेऊन मोकळा होतो.) या गर्दीतून रोहिणीतील रक्त तेवढे वेगळे कसे काढावयाचे? जपानमधील निहोन कोहडेन या कंपनीतील अभियंता ताकुओ आओयागी यांना १९७० च्या दशकाच्या आरंभी त्याची युक्ती सापडली. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर रोहिणीत रक्ताची नवी लाट येते आणि तेवढ्यापुरता बोटातून पार जाणारा प्रकाश किंचित घटतो. ही घट एकूण प्रकाशाच्या शेकडा एक-दोन इतकीच असते. पण ती स्पंदते, आणि बाकीचे सारे स्थिर असते. आओयागींनी स्पंदणाऱ्या भागाला स्थिर भागाने भागले. तांबड्या व अवरक्त अशा दोन्ही प्रकाशांसाठी हे भागाकार काढून त्यांचे परस्परांशी गुणोत्तर घेतले की जी संख्या मिळते, तीवर संपृक्ततेचा आकडा अवलंबून असतो. ही संख्या १ असेल तर संपृक्तता सुमारे ८५ टक्के येते, संख्या ०.५ च्या आसपास असेल तर ९७-९८. आओयागी एप्रिल २०२० मध्ये निवर्तले. त्यांच्या युक्तीवर चालणारी यंत्रे त्याच सुमारास जगभर घरोघरी पोहोचत होती.

या युक्तीकडे पाहिल्यास त्वचेच्या वर्णाचा प्रश्न मुळातच मिटला, असे वाटू लागते. त्वचेला रंग देणारे मेलॅनिन बाह्यत्वचेच्या जेमतेम एक दशांश मिलिमीटर जाडीच्या थरात असते आणि ते ठोक्याबरोबर हलत नाही. खिडकीवर जाड पडदा टाकला तर खोलीतला एकंदर उजेड घटेल. पण बाहेर झाडाची फांदी हलताना उजेडात जो चढउतार होतो, तोही त्याच प्रमाणात घटेल. दोहोंचा भागाकार पूर्वीइतकाच राहील. तसेच मेलॅनिनने तांबड्या प्रकाशातून अर्धा भाग गिळला, तरी स्पंदणारा व स्थिर असे दोन्ही अंश निम्मे होतील आणि गुणोत्तर ढळणार नाही. यंत्र वर्णनिरपेक्ष आहे असा विश्वास वैद्यकात दीर्घकाळ टिकला, त्याच्या मुळाशी हा युक्तिवाद होता. तो चुकीचा नाही; अपुरा आहे.

त्याचे अपुरेपण एलईडीच्या स्वभावात दडलेले आहे. ६६० नॅनोमीटरची एलईडी नेमक्या ६६० चाच प्रकाश देत नाही. तिच्या प्रकाशाचा पट्टा वीसेक नॅनोमीटर रुंदीचा असतो, म्हणजे त्यात ६५० चाही अंश असतो आणि ६७० चाही. मेलॅनिनचे शोषण तरंगलांबी वाढते तसतसे झपाट्याने उतरत जाते. प्रचलित सूत्रानुसार ६६० ला ते ९४० च्या सुमारे तिप्पट असते. या उतारामुळे मेलॅनिन तांबड्या पट्ट्यातील आखूड तरंगांना अधिक गिळते आणि लांब तरंगांना थोडे अधिक सोडते. परिणामी गडद त्वचेतून आत शिरलेल्या तांबड्या प्रकाशाचा मध्य काहीसा लांब तरंगांकडे सरकतो. यंत्राला या सरकण्याचा पत्ता नसतो. इकडे प्राणवायुरहित हीमोग्लोबिनचे शोषणही याच भागात उतरणीला लागलेले असते. दर दहा नॅनोमीटरला ते सुमारे एक सप्तमांशाने घटते. म्हणजे सरकलेला प्रकाश प्राणवायुरहित हीमोग्लोबिनला आहे त्याहून थोडे कमी भेटतो, तांबड्यातील स्पंदन लहान भासते, गुणोत्तर घटते आणि पडद्यावरचा आकडा वर चढतो. संपृक्तता चांगली असताना प्राणवायुरहित हीमोग्लोबिन मुळातच थोडे असते, त्यामुळे ही चूक नगण्य ठरते. संपृक्तता जसजशी खाली जाते तसतशी ती वाढू लागते. रुग्ण बरा असताना यंत्र बरोबर असते आणि रुग्ण खालावतो तेव्हा यंत्र त्याला थोडे बरे दाखविते, असा हा प्रकार आहे.

याखेरीज आणखी एक कारण आहे. पडदा जाड झाला म्हणजे संवेदकापर्यंत पोहोचणारा प्रकाश क्षीण होतो, आणि क्षीण संकेतात बाहेरचा उजेड, हाताची थरथर, यंत्रातला विद्युत्-गोंगाट यांचा वाटा वाढतो. गोंगाट दोन्ही मार्गांत सारखाच शिरला तर गुणोत्तर १ कडे, म्हणजे आकडा ८५ कडे ओढला जातो. खरी संपृक्तता ७५ असेल तर ती वर ओढली जाईल. दिल्लीच्या जानेवारीतील गारठलेल्या बोटांत रक्तप्रवाहच मंदावलेला असतो. त्यात त्वचा गडद असली की दोन अडचणी एकत्र येतात. हातावरच्या मेंदीचाही उल्लेख येथे केला पाहिजे. नेहमीची तांबूस मेंदी यंत्राला सहसा फारशी बाधत नाही. परंतु काळी मेंदी बोटाच्या टोकाला दाट लावलेली असेल तर यंत्राला संकेत मिळणेच कठीण होते. लग्नसराईत दाखल झालेल्या रुग्ण स्त्रीच्या बाबतीत परिचारिका चिमटा बोटावरून काढून कानाच्या पाळीला लावतात, ते या दृष्टीने योग्यच आहे.

आता प्रत्यक्ष मोजमापे काय सांगतात ते पाहू. १९९० मध्ये अमेरिकेतील जुब्रान आणि टोबिन यांनी कृत्रिम श्वसनावरील रुग्णांत कृष्णवर्णीयांच्या बोटावरील आकडे अधिक वेळा चुकतात असे नोंदविले होते. २००५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतील बिकलर, फायनर व सेव्हरिंगहाउस यांनी निरोगी स्वयंसेवकांना कमी प्राणवायूची हवा श्वसनास देऊन गडद त्वचेत आकडा वर चढतो, आणि संपृक्तता उतरते तसा अधिक चढतो, हे दाखवून दिले. ही निरीक्षणे छापली गेली आणि पडून राहिली. ऑगस्ट २०२० मध्ये प्रश्नाला पुन्हा वाचा फोडली ती कोणा वैद्याने वा भौतिकीच्या प्राध्यापकाने नव्हे, तर एमआयटीतील मानववंशशास्त्रज्ञ एमी मोरान-थॉमस यांनी, एका वैचारिक नियतकालिकातील लेखाद्वारे. मानव्यविद्यांच्या अभ्यासकांना समाधान वाटावे अशी ही घटना आहे. त्या लेखानंतर, त्याच वर्षाच्या डिसेंबरात, मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयातील नोंदींवर आधारलेले शॉडिंग व सहकाऱ्यांचे टिपण ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले. ऑक्सिमीटर ९२ ते ९६ दाखवीत असताना रोहिणीतील रक्त प्रत्यक्ष तपासले, तेव्हा ते ८८ च्या खाली असल्याचे प्रमाण गौरवर्णीय रुग्णांत शेकडा ३.६ होते आणि कृष्णवर्णीयांत ११.७. जवळजवळ तिपटीचा हा फरक आहे. दिल्लीच्या त्या एप्रिलातील सीमारेषांच्या भाषेत सांगावयाचे तर, ज्याला यंत्र ‘घरी थांबण्यास हरकत नाही’ असे सांगते, तो वस्तुतः गंभीर वर्गात असण्याची ही शक्यता होय.

येथपर्यंतचे सारे पुरावे अमेरिकेतील आहेत. ते आपल्याला कितपत लागू पडतात, हा या लेखाचा खरा प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर शोधू जाता एक विलक्षण अडचण पुढे येते. मिशिगनच्या संशोधकांनी नवे काही मोजले नव्हते. दहा मिनिटांच्या अंतराने झालेल्या दोन तपासण्या, म्हणजे बोटावरील आकडा व रोहिणीतील रक्ताची चाचणी, त्यांनी संगणकातून जोडीने काढल्या. आणि ‘कृष्णवर्णीय’ वा ‘गौरवर्णीय’ ही नोंद रुग्णाच्या कागदावर आधीच होती. दिल्लीच्या मोठ्या रुग्णालयांत पहिल्या दोन गोष्टी विपुल सापडतील. तिसरी सापडणार नाही. आपल्या केसपेपरवर वर्णाचा रकाना नसतो, आणि नसतो हे बरेच आहे. त्याऐवजी प्रांत, जात किंवा आडनाव यांवरून वर्ण ताडू गेल्यास हसे होईल. एकाच मराठी घरात एक भाऊ गोरा, दुसरा सावळा आणि बहीण गव्हाळ, हे चित्र आपण सारेच पाहतो. त्वचेच्या उजळपणाशी संबंधित ‘एसएलसी२४ए५’ या जनुकाच्या भारतीय वाटपाचा अभ्यास २०१३ मध्ये हैदराबादच्या पेशी व रेणू जीवशास्त्र केंद्रातील वैज्ञानिकांच्या सहभागाने प्रसिद्ध झाला, त्यातही हे जनुकरूप देशभर विषम प्रमाणात विखुरलेले आढळले. अमेरिकेतील २०२२ च्या एका अभ्यासात करोना रुग्णांच्या नोंदींतील ‘आशियाई’ गटात ऑक्सिमीटरची चढती चूक कृष्णवर्णीयांहूनही थोडी अधिक दिसली. परंतु ‘आशियाई’ या एका शब्दात चिनी, तमिळ आणि पंजाबी एकत्र बसविल्यावर त्या आकड्यातून त्वचेविषयी काय निष्पन्न होणार? वंश हा वर्णाचा बदली साक्षीदार म्हणून अमेरिकेत कसाबसा चालून गेला. भारतात तो उभाच राहू शकत नाही.

मग वर्ण मोजावा कसा? आपल्या भाषेत वर्णवाचक शब्दांची वाण नाही. गोरा, निमगोरा, उजळ, गव्हाळ, सावळा, काळासावळा ही चढती-उतरती श्रेणी मराठीने फार बारकाईने रचली आहे. पण विवाहविषयक जाहिरातींतील ‘गहूवर्णी’ कोणत्या हेतूने कोठवर ताणला जातो हे सर्वविदित आहे. आणि हे सारे शब्द चेहऱ्याविषयी आहेत, बोटाविषयी नाहीत. वैद्यकात रूढ असलेली फिट्झपॅट्रिक श्रेणी मूळ १९७५ ची. प्रकाशोपचाराची मात्रा ठरविण्यासाठी ऊन लागल्यावर कातडी भाजते की रापते, या प्रश्नावर ती उभारली गेली. आरंभी तिच्यात गौर त्वचेचेच चार वर्ग होते, सावळ्या व काळ्या त्वचेचे दोन वर्ग मागाहून जोडले गेले. भारतीयांपैकी पुष्कळसे तिच्या चौथ्या व पाचव्या वर्गांत कोंबले जातात आणि त्यांच्यातला भेद नाहीसा होतो. २०२२ मध्ये पुढे आलेली समाजशास्त्रज्ञ एलिस मंक यांची दहा छटांची पट्टी अधिक विस्तृत आहे. तथापि तीही पाहणाऱ्याच्या डोळ्यावर अवलंबून असते.

रंगमापकाने त्वचेवरून परावर्तित झालेला प्रकाश मोजून उजळपणा व पिवळसरपणा यांपासून एक कोन काढण्याची पद्धत त्याहून निःसंदिग्ध आहे. कोन ५५ अंशांहून मोठा असेल तर त्वचा अत्यंत उजळ, उणे ३० हून खाली असेल तर अत्यंत गडद. या पद्धतीत कोणाला त्याचा वंश विचारावा लागत नाही, हा तिचा मोठा गुण होय. वर्णमापनाचा पूर्वेतिहास पाहता हा गुण लहान मानता येणार नाही. बर्लिनच्या फेलिक्स फॉन लुशान यांनी त्वचेशी ताडून पाहण्यासाठी ३६ रंगीत काचांची पेटी तयार केली होती, आणि तिचा वापर माणसांची वंशवार विभागणी करण्याकडे झाला. त्याच बर्लिनमध्ये इरावती कर्वे यांनी ऑयगन फिशर यांच्या हाताखाली कवट्यांच्या असममितीवर संशोधन केले आणि वंश व असममिती यांचा संबंध दिसत नाही, असा मार्गदर्शकाच्या अपेक्षेविरुद्धचा निष्कर्ष मांडून १९३० मध्ये डॉक्टरेट मिळविली. मोजमाप एक आणि मोजमापाचे प्रयोजन दुसरे, हा भेद मराठी मानववंशशास्त्राने आरंभीच ओळखला होता, असे म्हणता येईल.

त्वचा मोजावयाची ती कोठे, हेही ठरविणे अगत्याचे आहे. सावळ्या माणसाचे तळहात व बोटांच्या टोकांचा आतला भाग उजळ असतो. बोटाची पाठ मात्र गडद असते. बोटाच्या चिमट्यात प्रकाश सामान्यतः नखाच्या बाजूने शिरून पेराच्या मऊ भागातून बाहेर पडतो. कपाळ वा बाहू यांच्या वर्णावरून त्या वाटेवरील मेलॅनिनचा अंदाज बांधणे म्हणजे घराच्या रंगावरून स्वयंपाकघरातला धूर ओळखण्यासारखे आहे. मनगटी घड्याळांची गोष्ट याहून निराळी. ती मनगटाच्या गडद पाठीवर टेकतात आणि नाडी मोजण्यासाठी बहुधा ५३० नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश वापरतात. तेथे मेलॅनिनचे शोषण तांबड्याच्या सुमारे दुप्पट असते. नवजात अर्भकांची कावीळ त्वचेवरून मोजणाऱ्या यंत्रांतही मेलॅनिन आड येते, पण त्यांची चूक बहुधा उलट दिशेची असते. आफ्रिकी वंशाच्या बालकांत त्यांचा आकडा खऱ्याहून जास्त येण्याकडे कल आढळला आहे. तेथे चुकीची किंमत एक अनावश्यक रक्ततपासणी असते. ऑक्सिमीटरच्या चुकीची किंमत न मिळालेला प्राणवायू असू शकते.

आता यंत्राच्या पोटातील कोष्टकाकडे वळू, कारण माझ्या मते खरा वाद तेथे आहे. गुणोत्तराची संख्या आणि संपृक्ततेचा आकडा यांची सांगड केवळ सूत्राने घालता येत नाही. प्रकीर्णनामुळे ऊतींत प्रकाश सरळ रेषेत जात नाही आणि पाठ्यपुस्तकातील शोषणाचा नियम तेथे जसाच्या तसा लागू पडत नाही. म्हणून निरोगी स्वयंसेवकांना प्राणवायू कमी केलेली हवा देत त्यांची संपृक्तता ७० टक्क्यांपर्यंत उतरवितात, पावलोपावली रोहिणीतील रक्त काढून तपासतात आणि यंत्रातील गुणोत्तर त्याच्याशी जुळवितात. या जुळणीला अंशांकन म्हणतात. याचा अर्थ असा की, दिल्लीतील एखाद्या बाईच्या बोटावर ९३ हा आकडा उमटतो, तेव्हा यंत्र तिच्या बोटाची तुलना कधीकाळी, बहुधा परदेशात, प्रयोगशाळेत बसलेल्या मूठभर तरुण स्वयंसेवकांच्या बोटांशी करीत असते. ते स्वयंसेवक कोण होते? अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या २०१३ च्या मार्गदर्शिकेनुसार किमान दहा व्यक्ती पुरेशा होत्या, आणि त्यांत गडद त्वचेच्या किमान दोन, अथवा एकूण संख्येच्या १५ टक्के, यांपैकी जो आकडा मोठा असेल तेवढ्या. ‘गडद’ म्हणजे किती, हे तेथे मोजमापाने ठरविलेले नव्हते. २०२१ च्या फेब्रुवारीत त्या प्रशासनाने वर्णामुळे आकडा चुकू शकतो असा इशारा दिला आणि जानेवारी २०२५ मध्ये नवा मसुदा आणला. त्यात स्वयंसेवकांची संख्या १५० च्या घरात नेली असून मंक पट्टी व वर उल्लेखिलेला कोन यांच्या आधारे वर्ण नोंदविण्यास सांगितले आहे.

भारतात १३ जुलै २०२१ रोजी राष्ट्रीय औषधी मूल्यनिर्धारण प्राधिकरणाने ऑक्सिमीटरसह पाच उपकरणांवरील व्यापारी नफ्याला ७० टक्क्यांची मर्यादा घातली. सर्वसामान्यांना त्याचा लाभ झाला हे खरे; पण तो आदेश किमतीचा होता, अंशांकन ही त्याच्या कक्षेतील बाब नव्हती. हे काम दिल्लीत होऊ शकेल असे वाटण्यास आधार आहे. काश्मीरपासून केरळपर्यंतचे आणि बिहारपासून राजस्थानपर्यंतचे रुग्ण येथील अतिदक्षता कक्षांत शेजारीशेजारी असतात. त्यांच्या रोहिणीतील रक्ताच्या चाचण्या उपचारांसाठी होतच असतात. त्यासाठी कोणाला जादा सुई टोचावी लागणार नाही. प्रत्येक चाचणीच्या क्षणी बोटावरचा आकडा लिहून ठेवणे आणि त्याच बोटाच्या पाठीवर रंगमापक टेकविणे एवढेच वाढेल. जात, प्रांत वा ‘सावळा’ यांतले काहीही विचारण्याची गरज पडणार नाही. अशी जोडनोंद काही हजारांच्या संख्येने झाली, तर आपल्या मार्गदर्शिकेतील ९० व ९३ या सीमारेषा कोणत्या कोनाच्या त्वचेसाठी किती सरकवाव्यात, हे इतरांच्या आकड्यांवरून न ताडता सांगता येईल.

तोवर वापरणाऱ्याने काय करावे, याविषयी थोडके लिहिणे पुरेसे आहे. उत्तम यंत्राच्या बाबतीतही तीन टक्क्यांच्या आसपासची प्रमाणित चूक मानकात गृहीत धरलेली असते. म्हणजे तीनांतील एखादे वाचन त्या पलीकडेही जाऊ शकते. तेव्हा ९३ हा एक आकडा नसून ९० ते ९६ असा पट्टा आहे, आणि त्वचा गडद असेल तर त्यातील खालचा अर्धा भाग अधिक संभाव्य, असे समजावे. बोट उबदार असावे, हात स्थिर असावा, आकडा निदान अर्धा मिनिट टिकू द्यावा. एकट्या आकड्यापेक्षा तोच माणूस, तेच बोट व तेच यंत्र यांवर सकाळपासून संध्याकाळपर्यंत झालेली घसरण अधिक विश्वसनीय असते, कारण त्वचा तीच असल्याने तिच्यापायी येणारी चूक बरीचशी तशीच राहते. आणि श्वासांची गती घड्याळ लावून मोजावी. त्याच मार्गदर्शिकेत मिनिटाला २४ श्वास हीदेखील मध्यम आजाराची खूण म्हणून दिलेली होती, आणि छातीच्या भात्याची ती मोजणी त्वचेच्या वर्णाने बदलत नाही.